गाडी रात्री कुठे उभी राहते?

अमेरिकेतल्या घरात भिंतीवरच्या साध्या प्लगला १२० व्होल्टची वीज येते. त्यावर विजेची गाडी लावली, की तारा तापू नयेत म्हणून चार्जर बहुधा १२ अँपिअरच्या वर जात नाही. हिशेब सोपा आहे : १२० गुणिले १२, म्हणजे जेमतेम १.४ किलोवॉट. दहा तास गाडी लावून ठेवली तर १४ युनिट मिळतात, आणि त्यात साधारण ८५ किलोमीटर जाता येतं. यवतमाळात आर्णी रोडवरच्या एखाद्या घरात गिझरसाठी बसवलेला १६ अँपिअरचा प्लग २३० व्होल्टवर चालतो. तो गाडीला सुमारे ३ किलोवॉट देतो, म्हणजे त्याच दहा तासांत ३० युनिट. न्यू जर्सीत राहणाऱ्या मुलाच्या गॅरेजमधल्या साध्या प्लगपेक्षा त्याच्या आईबाबांच्या यवतमाळच्या घरातला प्लग दुपटीहून जास्त वीज देतो.

हे बहुतेकांना ठाऊक नसतं, कारण विजेच्या गाडीबद्दलचं आपलं ज्ञान परदेशातून येतं. यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा या गावांतली मुलं पुण्याला जातात, पुण्याहून स्टुटगार्टला, डब्लिनला, डॅलसला. तिथे ती विजेची गाडी घेतात आणि मग फोनवरून घरी सल्ला येतो, ‘बाबा, रात्री लावून देत जा, ऐंशी टक्क्यांवर काढत जा, फास्ट चार्जर वापरू नका.’ सल्ला मनापासून दिलेला असतो, आणि त्यातला अर्धा यवतमाळला लागूही पडतो. उरलेला अर्धा तिथल्या हवेचा, तिथल्या वीजदरांचा आणि तिथल्या बॅटरीचा असतो. या प्रकरणात ते दोन अर्धे वेगळे करायचे आहेत. त्यासाठी गाडीची रेंज, किंमत आणि टॉप स्पीड क्षणभर बाजूला ठेवून एकच प्रश्न आधी विचारायला हवा : गाडी रात्री कुठे उभी राहते?

जगभर विजेच्या गाडीचं सुखदुःख या एका प्रश्नाभोवती फिरतं. ब्रिटनमधल्या जुन्या शहरांत एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या लांबच लांब रांगा आहेत. दार उघडलं की थेट फुटपाथ, आणि गाडी रस्त्यावर जिथे जागा मिळेल तिथे. अशा घरात राहणाऱ्याला स्वतःच्या मीटरवरून गाडी चार्ज करायची, तर तार फुटपाथ ओलांडून न्यावी लागते. म्हणून तिथल्या नगरपालिकांनी दिव्यांच्या खांबांवर प्लग बसवले, काही ठिकाणी फुटपाथमध्ये तारेसाठी बारीक खाचा पाडल्या. शिवाय घरच्या विजेवर तिथे ५ टक्के कर आहे आणि सार्वजनिक चार्जरवर २० टक्के. ज्याच्याकडे अंगण नाही त्यालाच वीज महाग पडते. (याच ब्रिटनमधल्या लंडनमध्ये २००४ पासून बंगळुरूची ‘रेवा’ ही छोटी गाडी ‘जी-विझ’ या नावाने विकली गेली. ती घरगुती प्लगवर चार्ज व्हायची. म्हणजे या विषयात आपण अगदीच नवशिके नाही.) जर्मनीत बहुसंख्य लोक फ्लॅटमध्ये आणि त्यातही भाड्याने राहतात. तिथे चार्जर बसवायला इमारतीची संमती हा इतका अवघड मामला झाला होता, की डिसेंबर २०२० मध्ये कायदा बदलून फ्लॅटमालकांना आणि भाडेकरूंना तो बसवून घेण्याचा हक्क द्यावा लागला. नॉर्वेत २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ टक्के विजेच्या होत्या. त्यामागे १९९० च्या दशकापासून दिलेल्या करसवलती आहेत, धबधब्यांच्या पाण्यावर तयार होणारी स्वस्त वीज आहे, पण आपल्या घराशी गाडी लावू शकणाऱ्या कुटुंबांची मोठी संख्याही आहे.

या कसोटीवर यवतमाळ जिल्हा बघा. सोळा तालुके, आणि तालुक्याच्या गावातही बहुतेक घरांना कंपाउंड, फाटक, टिनाचं शेड किंवा निदान घराच्या भिंतीलगतची स्वतःची जागा. चारचाकी घेण्याची ऐपत असलेल्या कुटुंबाकडे तर गाडीपुरती जागा जवळजवळ नक्कीच असते. पुण्याच्या सोसायटीत नवव्या मजल्यावर राहणाऱ्याला तळघरातल्या पार्किंगपर्यंत आपल्या मीटरची तार न्यायला समितीची परवानगी, वायरिंगचा खर्च आणि शेजाऱ्यांच्या शंका हे सगळं पार करावं लागतं. दिग्रसच्या शिक्षकाला ही भानगड नाही. घरच्याच मीटरवर गाडी चार्ज करायला केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक तत्त्वांनी परवानगी दिलेली आहे, वेगळा परवाना लागत नाही. माझं स्पष्ट मत आहे की विजेची गाडी महानगरापेक्षा जिल्ह्याच्या गावाला जास्त शोभते. मात्र त्यासाठी घरातली वीज त्या लायकीची असावी लागते, आणि खरी अडचण तिथेच आहे.

गाडीला प्लग लावल्यावर काय होतं ते जवळून बघू. भारतात सध्या विकल्या जाणाऱ्या गाड्यांना जो टाइप-२ पद्धतीचा सॉकेट असतो, तोच युरोपात आहे. त्यात सात पिना असतात. तीन फेजच्या, एक न्यूट्रलची, एक अर्थिंगची, आणि दोन बारीक पिना केवळ संवादासाठी. गाडीत प्लग बसला की चार्जर यातल्या एका बारीक पिनेतून १२ व्होल्टचा, सेकंदाला हजार वेळा चालू-बंद होणारा संकेत पाठवतो. त्या संकेतात चालू काळ किती आणि बंद काळ किती, यावरून गाडीला कळतं की या जागेवरून किती अँपिअर घेता येतील. चालू काळ १० टक्के असेल तर ६ अँपिअर, सुमारे २७ टक्के असेल तर १६. गाडी आपल्या बाजूने ‘तयार आहे’ असं कळवते. मग चार्जर अर्थिंग शाबूत आहे की नाही ते तपासतो, आणि सगळं ठीक असेल तरच आतला कॉन्टॅक्टर, म्हणजे वीज जोडणारा स्विच, ‘टक’ आवाज करून जुळतो. त्या आवाजाआधी प्लगच्या मोठ्या पिनांत वीज नसतेच. म्हणूनच पावसात गाडी चार्ज करायला भिण्याचं कारण नसतं.

अर्थिंग नसेल तर मात्र हा ‘टक’ ऐकूच येत नाही. लाल दिवा लागतो आणि चार्जर बसून राहतो. यवतमाळकडच्या घरांत नवी गाडी आल्यावर पहिली तक्रार बहुधा हीच असते आणि दोष गाडीवर ढकलला जातो. हा प्रकार प्रगत देशांनाही चुकला नाही. नॉर्वेच्या मोठ्या भागात घरांना न्यूट्रल नसलेली वेगळ्या पद्धतीची वीज मिळते. तिथे रेनॉ कंपनीची झोई ही गाडी अर्थिंगच्या बाबतीत इतकी काटेकोर निघाली, की अनेक घरांत ती चार्जच व्हायला तयार नव्हती.

आपल्याकडे अडचण जमिनीची आहे. अर्थिंग म्हणजे घराच्या वायरिंगला जमिनीशी जोडणारी वाट. कुठे बिघाड होऊन गाडीच्या पत्र्यात वीज उतरली, तर ती माणसाच्या अंगातून न जाता या वाटेने जमिनीत जावी. पूर्वापार पद्धतीत आठ-दहा फूट खड्डा खणून त्यात तांब्याची किंवा जस्त चढवलेल्या लोखंडाची पट्टी उभी करतात, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर देतात, वर पाणी ओतायला एक नळी काढून ठेवतात. कोळसा ओल धरून ठेवतो, मीठ त्या ओलीत विरघळून वीज वाहून नेतं. सगळा खेळ ओलीचा आहे. पावसाळ्यात काळी कापसाची जमीन इतकी ओली असते की कसलंही अर्थिंग चालून जातं. मे महिन्यात तीच जमीन भेगाळते. काही फुटांखाली मुरूम आणि काळा पाषाण लागतो, तो तर कोरडा ठणठणीत. पाणी ओतायची नळी बहुतेक घरांत अंगणात फरशी बसवताना बुजवून टाकलेली असते. जुलैत व्यवस्थित चालणारा चार्जर एप्रिलच्या अखेरीस रुसतो, तो यामुळे. अनेकदा अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं, की तो पुन्हा सुरू होतो. त्यातून रोगाचं निदान होतं. इलाज म्हणून मीठ-कोळसा बदलावा लागतो किंवा नवं, खोल अर्थिंग करून घ्यावं लागतं. हल्ली ओल धरून ठेवणाऱ्या तयार मिश्रणाच्या, नळीच्या आकाराची अर्थिंगही मिळतात.

काही घरांत अर्थिंग मुळात नसतंच. भिंतीतल्या तिसऱ्या भोकाला तार जोडलेली नसते, किंवा ती नळाच्या पाइपला गुंडाळलेली असते, आणि नळ कधीच प्लॅस्टिकचे झालेले असतात. कधी कधी वायरमन चार्जरची समजूत काढण्यासाठी अर्थिंगच्या पिनेला न्यूट्रल जोडून देतो. चार्जर सुरू होतो, घरमालक खूश होतो, आणि ज्या दिवशी बाहेर न्यूट्रल तुटेल त्या दिवशी गाडीचा सगळा पत्रा जिवंत तारेसारखा होतो. हे कोणी सुचवलं तर त्या माणसाला त्या क्षणी काम थांबवायला सांगा. साधी चाचणी अशी : प्लगमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यातला व्होल्टेज मीटरने मोजायचा. तो दोन-तीन व्होल्टच्या आसपास असला तर ठीक, त्याहून बराच जास्त असला तर दुरुस्ती हवी. ही चाचणी कोरड्या जमिनीत घेतलेलीच खरी.

दुसरी गोष्ट तारेची. गिझर पंधरा-वीस मिनिटं चालतो आणि बंद होतो, त्यामुळे त्याची तार तापून निवते. गाडी आठ-दहा तास सलग तेवढाच प्रवाह ओढते. गिझरला दहा वर्षं पुरलेला सॉकेट गाडीखाली काही महिन्यांत काळा पडू शकतो. त्यामुळे मुख्य बोर्डापासून गाडीपर्यंत वेगळी तांब्याची तार हवी. ३ किलोवॉटसाठी निदान ४ चौरस मिलिमीटर, ७ किलोवॉटच्या चार्जरसाठी ६ किंवा अंतर जास्त असेल तर त्याहून जाड. तिला स्वतंत्र एमसीबी, आणि गळती होताच वीज तोडणारी आरसीसीबी. वळवाच्या पावसात विदर्भात विजा पडतात, त्यासाठी सर्ज प्रोटेक्टर. इन्व्हर्टरच्या लाइनवर गाडी चुकूनही नको. ७ किलोवॉटचा चार्जर घ्यायचा तर महावितरणकडे मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. माझ्या मते यवतमाळात राहून गावातल्या गावात फिरणाऱ्या कुटुंबाला ३ किलोवॉट पुरेसे आहेत. रोज चाळीस किलोमीटर झाले तरी सात युनिट लागतात, ते अडीच तासांत भरतात. मधेच लाइन गेली तरी बिघडत नाही. बहुतेक चार्जर वीज परत आली की आपोआप सुरू होतात, आपला होतो का ते विकत घेतानाच बघून घ्यावं. गावाच्या टोकाला व्होल्टेज १९० च्या खाली घसरत असेल तर मात्र चार्जिंग मंदावतं किंवा थांबतं, आणि त्याची तक्रार महावितरणकडे लेखी करावी.

आता हवा आणि बॅटरी. परदेशातून येणारा सल्ला इथे सर्वांत जास्त फसवा ठरतो.

मिनेसोटात किंवा ऑस्लोत शत्रू थंडी आहे. उणे दहा-पंधरा अंशांत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, गाडीतला हीटर वीज खातो, आणि रेंज वीस ते चाळीस टक्के घटू शकते. अशा थंडीत जोराने चार्ज केलं तर लिथियमचा धातू बॅटरीच्या आत थराने जमू लागतो. म्हणून तिथले लोक निघण्याआधी गाडी प्लगवर असतानाच गरम करून घेतात. यवतमाळात यातलं काहीच लागत नाही. इथे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. एसीने रेंज थोडी कमी होते, पण थंडीतल्या हीटरइतकी नाही. उष्णतेचा घाव दिसत नाही. ती बॅटरीचं आयुष्य हळूहळू खाते, आणि सर्वांत जास्त खाते ती बॅटरी शंभर टक्के भरून उन्हात उभी असताना.

तरीही एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. भारतातल्या परवडणाऱ्या बहुतेक गाड्यांत, उदाहरणार्थ टाटांच्या नेक्सॉन आणि टियागोमध्ये, लिथियम आयर्न फॉस्फेट या प्रकारची बॅटरी असते. तिच्यात कोबाल्ट नाही, निकेल नाही. तापल्यावर ती सहजी पेट घेत नाही आणि चार्जच्या फेऱ्याही जास्त सोसते. तिचा दोष म्हणजे ती त्याच वजनात थोडी कमी वीज साठवते आणि कडक थंडीत लवकर गारठते. यवतमाळला थंडीची चिंता नाही. हे द्रव्य बॅटरीसाठी वापरता येतं हे टेक्सास विद्यापीठातल्या ज्या शोधनिबंधाने १९९७ साली दाखवलं, त्यावर अक्षय पाढी, के. एस. नंजुंडस्वामी आणि जॉन गुडइनफ यांची नावं आहेत. गुडइनफ यांना २०१९ साली, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पहिली दोन नावं आपल्या माणसांची आहेत आणि आपल्या शाळांतून ती सांगितली जायला हवीत.

‘ऐंशी टक्क्यांवर काढत जा’ हा सल्ला मुख्यतः निकेल-कोबाल्टच्या बॅटरीसाठी आहे. युरोप-अमेरिकेतल्या जास्त रेंजच्या पुष्कळ गाड्यांत ती असते. आयर्न फॉस्फेटच्या बॅटरीचं वेगळं आहे. चार्ज ३० टक्के असो की ७०, तिचा व्होल्टेज जवळजवळ सारखाच राहतो, त्यामुळे गाडीच्या संगणकाला नेमकं किती उरलंय याचा अंदाज चुकू लागतो. मधून मधून, कंपनीने पुस्तिकेत सांगितलं असेल त्या अंतराने, ती शंभर टक्के भरावी लागते, म्हणजे हिशेब पुन्हा जुळतो. यवतमाळसाठी नियम असा धरावा : रोजच्या वापरात ८०-९० टक्के पुरेसे, शंभर भरायचे ते पुस्तिकेनुसार किंवा प्रवासाला निघण्याआधी, आणि भरलेली गाडी दुपारच्या उन्हात उभी करायची नाही. टिनाच्या शेडखाली दुपारी भट्टी होते, त्यापेक्षा कडुनिंबाची सावली चांगली. लांबून उन्हातून आलेली गाडी लगेच चार्जला न लावता तासभर निवू द्यावी.

रस्त्यावरचा हिशेब आता करू. यवतमाळकरांचा लांबचा प्रवास बहुतेक वेळा दवाखान्यासाठी असतो. कळंब, देवळीवरून सावंगी मेघे आणि पुढे सेवाग्राम, हे अंतर साधारण ७०-७५ किलोमीटर. परतीसह दीडशे. आजची कुठलीही मध्यम गाडी हे घरच्या चार्जवर करून येते. नागपूर एका बाजूने सुमारे १५० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ३००. इथे गाडीची परीक्षा होते. ४५ युनिटची बॅटरी असलेली गाडी कागदावर याहून बरंच जास्त चालते, पण महामार्गावर एसी लावून, चार माणसं बसवून तिच्याकडून तीनशेची खात्री धरू नये. नागपूरला एकदा चार्ज करावी लागेल असंच धरून निघावं. अमरावती ९० किलोमीटर, पुसद-उमरखेड शंभरेक, ती काळजी नाही. पुण्याला जायचं तर वाटेत दोन-तीनदा थांबणं आलं. दारव्हा-कारंजा मार्गे समृद्धी महामार्गाला लागणाऱ्यांसाठी एक चांगली बातमी आहे : ऑगस्ट २०२५ पासून समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतू यांवर विजेच्या मोटारींना टोल माफ आहे. मात्र समृद्धीवर १२० चा वेग घेण्याचा मोह आवरा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० च्या जागी ११० ने गेलात तर हवाच जवळजवळ दुप्पट जोराने मागे ढकलते, आणि विजेच्या गाडीत त्याचा परिणाम पेट्रोलच्या गाडीपेक्षा जास्त जाणवतो.

महामार्गावरचे फास्ट चार्जर बॅटरीला थेट डीसी वीज देतात. २० ते ८० टक्के झपाट्याने भरतं, पुढे गाडीच वेग कमी करते, कारण भरत आलेल्या बॅटरीत लिथियमच्या कणांना बसायला जागा कमी उरते आणि जोर केला तर तिला इजा होते. शेवटच्या वीस टक्क्यांसाठी रांग अडवून बसू नये. चार्जर निवडताना अॅपवर अलीकडच्या दोन-चार दिवसांत तिथे कोणी गाडी भरली आहे का ते पाहा, आणि एकच चार्जिंग गन असलेल्या ठिकाणावर विसंबू नका. ते बंद निघालं तर पुढच्या ठिकाणापर्यंत पोचेल इतका चार्ज, निदान वीस टक्के, हाताशी असावा. नागपूर-हैदराबाद महामार्गावर पांढरकवड्याकडून दक्षिणेला जाणाऱ्यांनी तेलंगणातले चार्जर आधीच शोधून, तिथली अॅप फोनवर टाकून निघावं.

पैशांचा हिशेब परदेशातल्या नातेवाइकांशी बोलताना सर्वांत जास्त चुकतो. ब्रिटनमध्ये मध्यरात्रीनंतर वीज खूप स्वस्त मिळते, म्हणून तिथे गाडी रात्री लावतात. महाराष्ट्रात सौर ऊर्जा वाढल्यामुळे दुपारची वीज स्वस्त करण्याचं धोरण आलं आहे. वेळेनुसार नोंद करणारा स्मार्ट मीटर असेल तर घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळातल्या वापरावर सवलत मिळते. जिल्ह्याच्या गावात माणूस दुपारी जेवायला घरी येतो, गाडीही येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दुपारी चार्ज करणं दोन्ही बाजूंनी फायद्याचं. एप्रिल-मेमध्ये मात्र चार पैसे जास्त गेले तरी पहाटेची वेळ बरी, बॅटरीची किंमत त्या सवलतीहून कितीतरी मोठी आहे.

आपल्याकडचा दुसरा विशेष म्हणजे स्लॅब. महावितरणच्या २०२४-२५ च्या दरपत्रकात वहन आकारासह १०१ ते ३०० युनिटला साडेअकरा रुपयांच्या आसपास दर होता आणि ३०१ ते ५०० ला पावणेसोळाच्या आसपास, वर १६ टक्के वीज शुल्क. महिन्याला हजार किलोमीटर चालणारी गाडी १६० युनिट घेते. ज्या घराचा वापर आधी १५० युनिट होता त्याला ते त्या दराने सव्वादोन हजारांच्या आसपास पडत. ज्याचा ३५० होता, त्याला तीन हजारांच्या आसपास. सार्वजनिक फास्ट चार्जरवर युनिटला २० ते २५ रुपये धरले तर तेच काम साडेतीन हजारांत. लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल गाडीला तेवढ्याच अंतराला सात हजार लागतात. महिन्याला तीनशे-चारशे किलोमीटरच फिरणाऱ्याची बचत गाडीच्या जादा किमतीची भरपाई करायला फार वर्षं घेईल, त्याने घाई करू नये.

छतावर सौर पॅनेल असेल तर सगळंच गणित बदलतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान आहे. विदर्भाच्या उन्हात तो दिवसाला सरासरी बारा युनिट देतो, महिन्याचे ३६० : गाडीही त्यात बसते आणि घरही.

आणि वीज येते कुठून, हा प्रश्न या जिल्ह्याने तरी टाळू नये. वणी तालुक्यात उकणी, कोलारपिंपरी इथे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या (वेकोलि) उघड्या खाणी आहेत. शेजारच्या चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचं आहे. त्या कोळशाची धूळ वणीच्या रस्त्यांवरची माणसं रोज श्वासात घेतात. देशाच्या वीजजाळ्यात एका युनिटमागे अजून सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्या हिशेबाने विजेची गाडी किलोमीटरला ११५ ग्रॅमच्या आसपास पडते, पेट्रोलची १५० ग्रॅमच्या वर. फरक आहे, पण कोळशाच्या विजेवर तो मोठा नाही, आणि बॅटरी बनवतानाचा धूर वेगळाच. स्वतःच्या छतावरच्या उन्हावर चालणारी गाडीच खऱ्या अर्थाने स्वच्छ.

परदेशात राहून यवतमाळच्या घरी गाडी ठेवणाऱ्यांसाठी दोन शब्द. तिथली गाडी इकडे आणायचा विचार सोडून द्या. वापरलेली गाडी आयात करायची तर ती उजव्या स्टिअरिंगची आणि तीन वर्षांच्या आतली लागते, वर जबर शुल्क. अमेरिकेतल्या गाडीचा प्लग इथल्या चार्जरला बसत नाही. जपानचा आणि चीनचा वेगळा. गाडी इथेच घेऊन आईबाबांकडे ठेवणार असाल, तर ती महिनोन्महिने उभी राहणार हे गृहीत धरा. अशा वेळी बॅटरी ५० टक्क्यांच्या आसपास ठेवून प्लग काढून ठेवायचा. मोठ्या बॅटरीला काही होत नाही. मरते ती १२ व्होल्टची छोटी बॅटरी, आणि ती मेली की कोट्यवधी विद्युतकण पोटात असलेल्या गाडीचं दारही उघडत नाही. पंधरवड्यातून एकदा कोणी तरी गाडी गावात फिरवून आणावी. खरेदी करताना विक्रेत्याला एवढं जरूर विचारा की बॅटरी उघडून दुरुस्त करू शकणारा माणूस कुठे बसतो, यवतमाळला, अमरावतीला की नागपूरला, आणि गाडी तिथपर्यंत उचलून न्यायचा खर्च कोणाचा. उत्तर लेखी घ्या.

शोरूमला जाण्याआधी एक काम करा. परवानाधारक वायरमनला घरी बोलवा, मीटरपासून गाडी उभी करण्याच्या जागेपर्यंतचं अंतर मोजून घ्या, अर्थिंग तपासून घ्या, तारेचा आणि आरसीसीबीचा खर्च कागदावर मांडून घ्या. शक्य असेल तर हे मे महिन्यात करा.